कागदावर 1965

(दृश्य: गॅरेजचं शटर वर जातं. निळी कोब्रा स्पोर्ट्स कार, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे.)

बघता क्षणी वाटतं, 1965ची गाडी. पण बोटानं टकटक करून पाहा, बॉडी फायबरग्लासची आहे. इंजिन फोर्डचं, मागचा अ‍ॅक्सल भंगारात गेलेल्या मस्टँग गाडीचा. आणि ती पहिल्यांदा सुरू झाली गेल्या महिन्यात. मग आरसी बुकावर हिचं साल कोणतं लिहायचं?

कॅलिफोर्नियात या एका आकड्यावर सगळं अडतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, रेसिंग ट्रॅक.)

कॅरोल शेल्बी हा रेसिंग ड्रायव्हर मूळचा टेक्ससचा. 1959मध्ये त्यानं ल माँची शर्यत जिंकली. 1962मध्ये एसी या इंग्लिश कंपनीच्या हलक्याफुलक्या गाडीत त्यानं फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्मली. 1965मध्ये तिच्यात सात लिटरचं इंजिन आलं. खऱ्या कोब्रा बनल्या जेमतेम हजाराच्या आसपास. आज त्यांची किंमत लाखो डॉलरमध्ये, त्यामुळे हौशी लोक नकलेचं किट, म्हणजे जोडायचे सुटे भाग, मागवतात आणि शनिवार-रविवार पाने घेऊन गॅरेजात बसतात.

(दृश्य: धुरकट लॉस एंजेलिस.)

आता धुराकडे येऊ. लॉस एंजेलिसला डोंगरांचा वेढा, वर कडक ऊन. पन्नाशीच्या दशकात लोकांचे डोळे चुरचुरायचे. आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की गाड्यांचा धूर उन्हात शिजतो आणि त्यातून ओझोन तयार होतो. राज्यानं सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावर मर्यादा घातली ती 1966च्या मॉडेलपासून. म्हणजे 1965ची गाडी त्यातून नेमकी एका वर्षानं सुटली! कोब्राच्या हौशी लोकांना हे साल का प्यारं, ते आता कळलं असेल.

(दृश्य: डीएमव्हीचं कार्यालय. आपल्याकडचं आरटीओच म्हणा.)

2001मध्ये राज्यानं एक कायदा केला, एसबी 100. स्वतः बांधलेल्या 500 गाड्यांना दर वर्षी जुन्या सालाचे धुराचे नियम लावायची सवलत. प्रथम येईल त्याला प्राधान्य. जानेवारीत कचेरी उघडली, की अर्जांची घाई. नंबर लागला, तर पुढची पायरी रेफरीची. हो, तपासणाऱ्याला तिथं रेफरीच म्हणतात. शिट्टी तेवढी नसते. तो बॉडी पाहतो, इंजिन पाहतो, आणि ते कोणत्या काळातल्या गाडीशी जुळतं ते ठरवतो. बॉडीचं साल धरायचं की इंजिनचं, हे मालकानं निवडायचं. मग तेवढ्याच सालाचे धुराचे नियम लागू. काढायला गेलं तर फाटेल असं एक लेबल रेफरी गाडीला चिकटवतो. 1975 किंवा त्याआधीचं साल मिळालं, तर दर दोन वर्षांची धूर तपासणीसुद्धा नाही.

हे 500 संपले, की पुढचा जानेवारी, नाहीतर सगळी प्रदूषण-यंत्रणा असलेलं प्रमाणित इंजिन.

काहींनी रांगच टाळली. कागदावर सरळ '1965 फोर्ड' लिहिलं आणि किंमत नावापुरती दाखवली. तपासणीही वाचली, करही वाचला. शेवटी जुलै 2011पासून वर्षभर राज्यानं माफी योजना आणली: कबूल करा, राहिलेला कर भरा, सुटा.

मला ही 500ची मर्यादा शहाणपणाची वाटते. रविवारी सकाळी समुद्रकाठानं चक्कर मारणाऱ्या पाचशे गाड्या राज्याची हवा बिघडवणार नाहीत. पन्नास हजार झाल्या, तर मात्र वेगळी गोष्ट.

वॉशिंग्टननं, म्हणजे देशाच्या केंद्र सरकारनं, मात्र उलटा विचार केला. 2015च्या कायद्यानं छोट्या कंपन्यांना प्रत्येकी वर्षाला 325 तयार रेप्लिका, म्हणजे जुन्या गाड्यांच्या नकला, विकायची मुभा दिली, नियमावली यायला 2022 उजाडलं. आकार जुना चालेल, धूर मात्र आजच्या मापात. एकच कोब्रा, एकच पट्टे; घरी बांधली तर 1965ची, तयार घेतली तर आजची.

(दृश्य: रेफरी गाडीभोवती फिरतो आहे.)

आणि समजा, एखाद्यानं अशी गाडी बांधली, जी आजवरच्या कुठल्याच गाडीसारखी दिसत नाही? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्याचीही सोय आहे.

तिचं साल 1960.