सातविणीवर आळ

(दृश्य: पहाट. नवी मुंबईत घणसोलीतली एक इमारत. रस्त्याच्या दिव्याखाली उभी रिक्षा.)

साडेपाच वाजलेत. फडकं टपावरून फिरतं, काचेवरून फिरतं आणि मधेच थांबतं. एक शिंक. मग दुसरी. कॅमेरा सुरूच ठेवला होता. चौदा शिंका झाल्या, तेव्हा कुठे रिक्षावाल्या काकांनी फडकं पुन्हा उचललं.

घटस्थापना झाली की हे सुरू होतं. नाक गळतं, टाळूला खाज सुटते, डोळे चोळून चोळून लाल होतात. ताप मात्र येत नाही. डिसेंबर उजाडेपर्यंत हेच. "सर्दी आहे, जाईल," म्हणत काकांनी अशी कितीतरी वर्षं काढली.

(दृश्य: फाटकाजवळची सातवीण. हिरवट पांढऱ्या फुलांचे गेंद.)

आणि ही सातवीण. कुणी सप्तपर्णी म्हणतं. देठाभोवती बहुधा सात पानं, छत्रीच्या काड्यांसारखी. हिच्या लाकडाच्या पूर्वी शाळेतल्या पाट्या व्हायच्या, म्हणून शास्त्रीय नावातसुद्धा 'स्कोलॅरिस' आहे. ऑक्टोबरात ती फुलते आणि रात्री तिचा वास गल्लीभर पसरतो. काहींचं या वासाने डोकं दुखतं, नाक चुरचुरतं. ते खोटं नाही.

पण या वासामुळे सगळ्या शिंकांचा आळ तिच्यावरच आला. सोसायटीत अर्ज फिरला, सह्या झाल्या. काकांचीही सही आहे. झाड तोडायचं, एवढीच मागणी.

(दृश्य: गच्ची. काचेच्या पट्टीवर बोटाने व्हॅसलिन लावताना.)

आम्ही म्हटलं, आधी हवेत काय आहे ते तर बघू. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाई मदतीला आल्या. काचेच्या पट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर दिला. जाड दिला तर भिंगाखाली सगळं धूसर दिसतं. पट्टी गच्चीच्या कठड्यावर आडवी ठेवली आणि वर पत्र्याचं छोटं छप्पर केलं. चोवीस तास तिला हात लावायचा नाही.

हे काम फार जुनं आहे. १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरने लंडनच्या वैद्यांसमोर अशा शिंकांचं वर्णन वाचून दाखवलं. वर्णनातला रोगी तो स्वतःच होता. लोक तेव्हा सुक्या गवताला दोष देत, त्यावरून 'हे फिव्हर' नाव पडलं; इंग्रजीत 'हे' म्हणजे सुकं गवत. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने मात्र खरा गुन्हेगार पकडला: गवताच्या फुलोऱ्यातले परागकण. त्याने ते स्वतःच्या नाकात घातले, कातडीवर ओरखडा काढून त्यात चोळले. उंचावर किती पराग आहेत हे पाहायला चिकट पट्ट्या पतंगाला बांधून आकाशात सोडल्या. १८७३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या आपल्या पोरांना ही गोष्ट सांगायला हवी.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून. गुलाबी रंगवलेले कण.)

हे बघा. रंगाचा एक थेंब टाकला आणि सगळे उठून दिसायला लागले. हा गोल, गुळगुळीत, कडेला एकच भोक असलेला कण गवताचा आहे. जाडी माणसाच्या केसाच्या जवळपास निम्मी. त्याच्या बाजूला अंगभर काटे असलेला चेंडू दिसतोय, तो गाजर गवताचा. सातविणीचे कण शोधत बसावं लागलं. तिचे पराग वाऱ्यावर सोडलेले नसतात, कीटक नेतात. म्हणून तर इतका वास, कीटकांना बोलवायला. गवताला कुणाला बोलवायचं नसतं. ते सगळं वाऱ्यावर सोपवतं, आणि वाऱ्याच्या वाटेत आपलं नाक असतं.

एका दिवसाच्या पट्टीवरून शहराचा हिशेब लागत नाही. काकांचा हिशेब त्यांच्या हातावर लागला.

(दृश्य: दवाखाना. कोपराखाली पेनने काढलेल्या खुणा.)

नेमकं काय बाधतं ते दाखवणाऱ्या या चाचणीआधी आठवडाभर अ‍ॅलर्जीची गोळी बंद. तो आठवडा काकांनी कसा काढला, ते या चित्रणात दिसतंच आहे. प्रत्येक खुणेवर वेगळ्या अर्काचा एक थेंब. त्यातून बारीक टोच, रक्त न येईल अशी. मग वीस मिनिटं थांबायचं. दोन खुणांवर गांधी उठली, डास चावल्यासारखी: गवत आणि गाजर गवत. काका हाताकडे बघतच राहिले. "म्हणजे झाड नव्हे?" एवढंच विचारलं त्यांनी.

घडतं ते असं. शरीर या निरुपद्रवी कणाला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार ठेवतं. कण पुन्हा नाकात आला की पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. पाणी सुटतं, सूज येते, शिंक येते. अशा नाकांना पुढे दम्याचा धोकाही जास्त असतो.

(दृश्य: इमारतीमागचा रिकामा भूखंड. कमरेएवढं गाजर गवत. मागे पारसिकच्या डोंगरावर पिवळं पडत चाललेलं गवत.)

आता मागच्या बाजूला या. पाच मिनिटांचं अंतर, पण अर्जात याचा उल्लेख नाही. गाजरासारखी पानं, पांढरी बारीक फुलं. परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. भारतात ते प्रथम पुण्यात नजरेत भरलं, १९५०च्या दशकात. ते खाणारा मेक्सिकोचा भुंगेरा १९८४ मध्ये मुद्दाम सोडला गेला. तरी एकेक झाड हजारोंनी बिया टाकतं आणि पाऊस पडला की पुन्हा उगवतं. डोंगरावरच्या गवताला आपण काही करू शकत नाही. इथे करू शकतो.

(दृश्य: काकांच्या रिक्षातला कप्पा. थेंबांच्या तीन बाटल्या.)

नाक मोकळं करणारे हे थेंब. पाच-सात दिवसांपलीकडे घातले तर नाक उलट जास्तच बंद होतं आणि थेंबांवाचून मोकळं होईना. काका तीन वर्षं घालत होते. डॉक्टरांनी ते सोडवले आणि स्टिरॉइडचा फवारा दिला. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, मधल्या पडद्याकडे नाही तर कानाच्या दिशेने. रोज मारायचा. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे पुढच्या वर्षी पितृपक्षातच सुरू करायचा. झोप आणणारी गोळी स्टिअरिंगवर बसणाऱ्याने घेऊ नये, हेही तिथेच कळलं.

(दृश्य: स्वयंपाकघर. जलनेतीचं भांडं.)

काकूंनी पाणी उकळून कोमट केलंय. पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ. नळाचं पाणी तसंच घालायचं नाही, त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मान कलती, तोंडाने श्वास. एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. आल्या आल्या आंघोळ, डोक्यावरूनही. कपडे गच्चीत वाळत घालायचे नाहीत. रिक्षा चालवताना मास्क आणि साधा चष्मा. तीन ते पाच वर्षांच्या इंजेक्शनांचंही डॉक्टर बोललेत. काका विचार करतायत.

(दृश्य: रविवार सकाळ. भूखंडावर हातमोजे घातलेली माणसं.)

गाजर गवत उघड्या हातांनी धरलं तर कातडीवर चट्टे उठतात. पावसाने माती मऊ असताना, फुलं यायच्या आत, मुळासकट उपटायला हवं होतं. यंदा उशीर झाला. तरी अकरा जण आले. काका कडेला उभे आहेत, मास्क लावून. त्यांना यात हात घालायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून ते गोण्या मोजतायत.

अर्ज मागे घेतलाय. तोपर्यंत दोन मोठ्या फांद्या गेल्या होत्या.

(दृश्य: कापलेल्या फांदीच्या जागी फुटलेला धुमारा. सात पानं.)