इम्प्लांट घट्ट बसलंय, मग दात कधी लावणार?

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स एकच, "मॅडम, रीलमध्ये एका दिवसात दात लावतात, तुम्ही तीन महिने का थांबवता?" तर आज त्यावरच बोलू.

बेसिक पटकन उरकते. इम्प्लांट म्हणजे जबड्यातला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर नंतर कृत्रिम दात बसतो. हाड टायटॅनियमला थेट जोडलं जातं हे स्वीडनच्या डॉ. ब्रॉनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशांमध्ये बघितलं, १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला बसवलं. झालं.

आता नीट ऐका. बसवल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो, पण ती पकड फक्त आट्यांची. शरीर आधी ड्रिलने दुखावलेलं हाड काढून टाकतं, मग नवीन घालतं, त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड कमी होते. हो, कमी होते!

आणि नेमकं तेव्हाच पेशंटला एकदम बरं वाटतं. टाके निघाले, सूज गेली. कोथरूडचे एक काका त्याच सुमारास आले, "अहो काही दुखत नाही, गौरी जेवणाला दात लावून द्या की." काका, दुखणं थांबलं ते हिरडी भरली म्हणून, आत हाडाचं काम अर्धवटच आहे!

अशा वेळी त्यावर चावलात आणि स्क्रू साधारण ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात, मग तो काढावाच लागतो. एका दिवसात दात लावतात, खोटं नाही, पण पकड मुळातच भक्कम असेल तर, आणि तोही बहुतेक वेळा तात्पुरता दात असतो, हे रीलमध्ये कोणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

अजून एक कमेंट, "इम्प्लांटला कीड लागत नाही, मग इतकं घासायचं कशाला?" अहो, हिरडीसाठी! खऱ्या दाताच्या मुळामध्ये हिरडीचे धागे शिरलेले असतात, इम्प्लांटला ते नुसते भोवतीने कॉलरसारखे बसतात, रक्तपुरवठाही कमी, त्यामुळे जंतू लवकर खाली उतरतात. पहिल्या वर्षी इम्प्लांटभोवतीचं हिरडीलगतचं हाड थोडं झिजतं, एखाद मिलिमीटर, ते चालतं. पण घासताना रक्त आलं तर दुखायची वाट बघू नका. सूज हिरडीपुरतीच असेल तर साफसफाईने बरी होते, हाड गेलं की ते सहजासहजी परत येत नाही. आणि मिश्री लावत असाल तर ती आधी बंद करा.