कुंडीतले ब्रह्मकमळ फुलत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावात पावसाची झड लागली की टिळकवाडी, शहापूर किंवा वडगावातल्या एखाद्या गल्लीत रात्री अकराच्या सुमारास अचानक वर्दळ दिसू लागते, आणि चौकशी केल्यावर कळते की कुणाच्या तरी दारातले ब्रह्मकमळ उमलले आहे. घरची मंडळी फुलाला हळदकुंकू वाहतात, शेजारीपाजारी फोटो काढतात. मात्र त्याच गल्लीत आणखी चार दारी तेच झाड, तेवढेच उंच, तेवढेच हिरवेगार, वर्षानुवर्षे एकही कळी न धरता उभे असते. मला आज बोलायचे आहे ते त्या चार झाडांविषयी.

आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, ते कमळ नव्हे, आणि हिमालयात उगवणारे, उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळही नव्हे. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांमधले निवडुंग आहे. आपल्याला जी लांबट, कडेला खाचा असलेली पाने वाटतात, ती पाने नसून चपटी झालेली खोडे आहेत, आणि कळी त्या खाचांमधूनच बाहेर पडते. ‘बारा वर्षांतून एकदा फुलते’ ही समजूतही सोडून द्यावी. नीट रुजलेले झाड दरवर्षी, कधी कधी एका पावसाळ्यात दोन-तीन वेळाही फुलते.

या निवडुंगाची एक सवय ध्यानात घेतली की पुढचे सगळे सोपे होते. ते जमिनीत वाढत नाही, मोठ्या झाडांच्या बेचक्यांत वाढते. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर, झाडांच्या फांद्यांवर आमरीची रोपे चिकटलेली आपण पाहिली असतील. ती बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाहीत. सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा आणि वाहून जाणारे पावसाचे पाणी यांवरच त्यांचे भागते. ब्रह्मकमळाचा संसार नेमका तसाच आहे. आपण मात्र त्याला तुळशीसारखे वाढवतो: मोठी कुंडी, भरपूर माती, रोज तांब्याभर पाणी.

मीही हेच केले होते. शेजारच्या काकूंनी दिलेली फांदी मी परसातल्या भल्या मोठ्या डब्यात लावली आणि तिला दर महिन्याला शेणखत व भुईमुगाच्या पेंडीचे पाणी घालत गेलो. झाड पाच-सहा फूट वाढले, बांधायला काठ्या पुरेनात, पण सहा वर्षे कळीचे नाव नाही. पेंडीतले नत्र पानोरा वाढवते, आणि ज्या झाडाला वाढायला सतत मिळते आहे ते फुलण्याच्या भानगडीत पडत नाही, हे मला उशिरा उमगले. काकूंचे झाड फुटक्या घागरीत, मुळे अगदी दाटलेली, आणि दर वर्षी फुलणारे. ते पाहूनही मला काही सुचले नव्हते, याचे आज हसू येते.

तेव्हा कुंडी लहान घ्यावी, आठ ते दहा इंचांची पुरते, आणि ती मातीची असावी. आपल्या खानापूरच्या कुंभारांच्या कुंड्या यासाठी उत्तम, कारण त्यांच्या अंगातून ओल बाहेर झिरपते. निपाणी-चिकोडीकडची काळी माती या झाडाला अजिबात चालत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. खानापूरकडची तांबडी माती एक वाटा, चांगले कुजलेले पानांचे खत एक वाटा, आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचा चुरा व थोडा कोळसा मिळून एक वाटा, असे मिश्रण करावे. पाणी घातल्यावर ते क्षणात खाली उतरले पाहिजे. मुळे कुंडीत दाटली म्हणून घाईने कुंडी बदलू नये; तीन-चार वर्षांनी बदलली तरी चालते, आणि तीही फुलांचा हंगाम संपल्यावर.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे विश्रांती. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बेळगावची हवा कोरडी असते आणि पहाट चांगलीच गार असते. ही थंडी आणि हा कोरडेपणा झाडाला कळ्या धरण्याच्या तयारीला लावतो. मुंबईकडच्या मंडळींना असा हिवाळा मिळत नाही, आपल्याला तो फुकट मिळतो, आणि आपण रोज पाणी घालून तो वाया घालवतो. या तीन महिन्यांत माती बोटभर खोल सुकल्यावरच पाणी द्यावे, म्हणजे साधारण दहा-बारा दिवसांनी एकदा. खत पूर्ण बंद ठेवावे. फांद्या किंचित सुरकुतल्या तरी घाबरू नये.

मार्चपासून पाणी हळूहळू वाढवावे आणि एकदा मूठभर हाडांचा चुरा व चिमूटभर लाकडाची राख द्यावी. ज्यांच्याकडे बोअरचे क्षारयुक्त पाणी आहे, त्यांनी पावसाचे पाणी साठवून वापरले तर फरक दिसेल. उजेडाचे म्हणाल तर सकाळी नऊ-दहापर्यंतचे कोवळे ऊन हवे. घरात, कोपऱ्यात ठेवलेले झाड जगते, फुलत नाही. आणि एप्रिलमधल्या भर दुपारच्या उन्हात ते पिवळे पडते. पूर्वेकडचा कट्टा किंवा आंब्याखालची जागा सर्वांत योग्य.

फांद्या छाटण्याबाबत एक इशारा. एका खाचेतून सहसा एकदाच फूल येते, म्हणून फुललेली फांदी लोक कापून टाकतात. तसे करू नये; त्याच फांदीवर पुष्कळ खाचा अजून शिल्लक असतात. काठीसारखे गोल, सरळ वर जाणारे फुटवे मात्र शेंड्याला खुडावेत, म्हणजे त्यांना चपट्या फांद्या फुटतात. आणि नवी फांदी लावून लगेच फुलाची अपेक्षा धरू नये. दोन-तीन वर्षे जातातच.

कळी दिसली की कुंडी जागची हलवू नये. पाहुण्यांना दाखवायला म्हणून कुंडी ओटीवर आणली आणि आठवड्यात कळ्या गळाल्या, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. या दिवसांत माती एकदम कोरडी पडू देऊ नये. पावसाळ्यात गोगलगायी कोवळ्या कळ्या कुरतडतात, त्या रात्री विजेरी घेऊन वेचाव्यात. पिठ्या ढेकूण दिसल्यास कापसाने पुसून काढावेत.

कळीला तीन-चार आठवडे लागतात. आधी ती खाली लोंबते, मग तिचा देठ हुकासारखा वर वळतो. कळी फुगून टोकाशी पांढरी दिसू लागली की त्याच दिवशी संध्याकाळी शेजाऱ्यांना निरोप द्यावा. आठ-नऊला पाकळ्या सैल होतात, मध्यरात्रीच्या आसपास फूल पूर्ण उघडते. रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी ते पांढरे आणि सुगंधी असते, त्यामुळे पहाटेपर्यंत त्याचे काम आटोपते आणि ते मान टाकते. तेव्हा सकाळी बघू म्हणून झोपू नका. नमस्कार.