टिटवीच्या पोटावरचं पाणी

मंडळी, वसंत व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा मी आधी वेळ विचारली. आयोजक म्हणाले, "साडेसहा. जरा ऊन उतरलेलं बरं." आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय, त्यांना मात्र ऊन उतरायची वाट बघून चालत नाही.

पक्षी बघायचा हंगाम म्हणजे थंडी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. जानेवारीत भिगवणला रोहित बघायला गाड्यांची रांग लागते आणि होळी झाली की दुर्बिणी कपाटात जातात. पण थंडीत येतात ते बरेचसे पाहुणे. घरचं कार्य असतं उन्हाळ्यात. सासवड-जेजुरीकडच्या नाहीतर सुप्याच्या माळावर एप्रिल-मेमध्ये जा. करपलेलं गवत, मुरूम, कुठे एखादी बोर. सरकारदरबारी हिला पडीक जमीन म्हणतात. तिथेच टिटवी, माळटिटवी, धाविक, चंडोल यांची बाळंतपणं चाललेली असतात, तीही उघड्यावर.

टिटवी तुमच्या ओळखीची. रात्री ओरडली की घरातलं म्हातारं माणूस अजूनही चरकतं. तिच्या घरट्याला घरटं म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. जमिनीत ओंजळभर खळगा, भोवती चार खडे, कधी शेळीच्या लेंड्या. आत बहुधा चार अंडी, निमुळती टोकं मध्यभागी करून मांडलेली. मातकट, वर काळपट डाग. दोन पावलांवर उभे असलात तरी दिसणार नाहीत. अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस जोराचा, असं आपल्याकडे सांगतात. माझं मत विचाराल तर तिला पाणी साचणार नाही अशी जागा हवी असते, एवढंच. पण हे पारावर बोललो की लोक मला वेड्यात काढतात.

आता गंमत बघा. अंडी उबवायची म्हणजे ऊब द्यायची, असं आपण धरून चालतो. कोंबडीची अंडी उबवायच्या यंत्रात तापमान ३७.५ अंशांच्या आसपास ठेवतात. मे महिन्यात दुपारी माळावर हवाच चाळिशीला टेकते आणि जमीन त्याहून कितीतरी तापलेली असते. विश्वास बसत नसेल तर चप्पल काढून बघा. म्हणजे टिटवीला ऊब द्यायची नसतेच, अंडी गार ठेवायची असतात. ती अंड्यांवर नुसती उभी राहते, पंख थोडे सोडून, चोच उघडी टाकून. अंगाची सावली करते.

एका शेततळ्याजवळ मी गाडीत बसून बघत होतो. दुपारचा एक वाजला असेल. टिटवी काठाने पाण्यात उतरली, पोट बुडेपर्यंत आत गेली आणि दोन-तीनदा खाली बसून उठली. आंघोळ म्हणावी तर अंग झाडलं नाही. ओलं पोट घेऊन निघाली, सरळ न जाता वळसे घेत गेली आणि अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने जोडीदार आला, ती उठली. दुर्बिणीतून अंडी चकचकीत ओली दिसत होती.

पखुर्डी म्हणजे माळावरचाच, कबुतरासारखा दिसणारा पक्षी. तिचा नर तर याच्याही पुढे. पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवून घेतो, स्पंजासारखी. मग उडत पिल्लांकडे जातो आणि ती चोचीने ती पिसं ओढून पाणी पितात.

सुगरणीबद्दल दोनच वाक्यं, कारण तिच्यावर बोलायचं तर दुसरी संध्याकाळ लागेल. नाव बाईचं, पण खोपा विणतो नर. अर्धवट विणून मादीला दाखवतो, तिने पसंत केला तर पुरा करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरा विणायला घेतो. सलीम अलींनी हे अलिबागजवळ किहीमला बसून टिपलं, १९३० मध्ये.

आता एक कबुली. पहिला कॅमेरा घेतला त्या उन्हाळ्यात मला धाविकाची दोन अंडी सापडली. भर दुपारी मी तिथे अर्धा तास पालथा पडून होतो. पक्षी समोर पळायचा, थांबायचा, मान उंचावून बघायचा, परत पळायचा. मला वाटलं, काय छान पोझ देतोय! तो सावली करायला येऊ बघत होता आणि मी मध्ये पडलो होतो. आठवड्याने गेलो तर अंडी तिथेच होती, जवळ कोणी नाही. तो फोटो माझ्याकडे आहे. कुणाला दाखवत नाही. उन्हाळ्यात आता मी अकरा ते चार घरट्याच्या वाटेला जात नाही.

मघाशी चहाला एका शेतकरी दादांनी विचारलं, "नांगरट करायचीय, मधोमध टिटवीची अंडी आहेत. उचलून बांधावर ठेवू का?" दादा, उचलू नका, ती तिथे जाऊन बसेल याचा भरवसा नाही. चार हात जागा सोडून ट्रॅक्टर फिरवा. अंडी फुटायला महिनाभर लागतो, त्यातले किती दिवस गेलेत कुणास ठाऊक. पिल्लं बाहेर आली की लगेच चालायला लागतात, आईबाप त्यांना घेऊन निघून जातात. मग तेवढा तुकडा कुदळीने केलात तरी होईल.