पहिली गाडी कोणती उघडावी?

(दृश्य: परभणी, जिंतूर रोड. भर दुपार. पत्र्याच्या शेडखाली दोन गाड्या, बाहेर उन्हात चार.)

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं इथले लोक अजून छातीठोकपणे सांगतात. मे महिन्यात याच परभणीत पारा 43–44 अंशांवर जातो. मग उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं स्टेअरिंग रुमाल गुंडाळल्याशिवाय धरवत नाही. अशात कुणीतरी सांगतं की रिमोटचं बटण दाबा, गाडी आपोआप चालू होईल, तुम्ही जाईपर्यंत एसी आतली हवा गार करून ठेवील. गिऱ्हाईक तिथंच विरघळतं.

रिमोट स्टार्टर खरं तर थंड मुलखातली सोय. कॅनडासारख्या देशात काचेवर बर्फ साचतो, इंजिन गारठतं, म्हणून माणूस घरातूनच गाडी चालू करून ठेवतो. आपल्याकडे तेच यंत्र उन्हाळ्यासाठी विकलं जातं. अलार्मबरोबर एकाच खोक्यात येतं, ऑनलाइन मागवलं की तालुक्याच्या गावीही पोचतं. आत वायरींचा जुडगा, एक सायरन, दोन रिमोट, एक बारका दिवा आणि चुरगळलेला नकाशा. नकाशात सगळ्या वायरी सरळ रेषेत दिसतात. डॅशबोर्डखाली तशी एकही नसते.

(दृश्य: खोकं उघडणारे हात. वायरींचा जुडगा काउंटरवर पसरलेला.)

हे हात आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून आलेल्या एका पोराचे. सीट कव्हर, टेप, रिव्हर्स कॅमेरा ही कामं त्याला येतात. आता त्याला अलार्म बसवायला शिकायचंय, आणि दुकानात गाड्या तर रोज येतात. त्यातली पहिली कोणती उघडायची?

मॉडेल नवं की जुनं यावरून हे ठरवता येत नाही. तीन गोष्टी पाहायच्या. दाराचा सिग्नल साध्या वायरीतून येतो का, चावीत चिप आहे का, आणि गिअर कसला आहे. अलार्मला बहुतेक वेळा पहिली गोष्ट पुरते. स्टार्टरला तिन्ही लागतात. म्हणून एकच गाडी अलार्मसाठी सोपी आणि स्टार्टरसाठी अवघड असू शकते. दुकानदार दोन्ही एकाच दमात विकतो, आणि शिकणारा अडकतो तो इथंच.

(दृश्य: जुन्या अल्टोचं ड्रायव्हरचं दार उघडं. खांबावरचं रबरी बटण, जवळून.)

दार उघडलं की खांबावर हे रबराची टोपी घातलेलं बटण दिसतं. एक स्क्रू काढला की ते हातात येतं, मागे एकच वायर. दार बंद असताना बटण दाबलेलं राहतं. दार उघडलं की ते बाहेर येतं, वायर बॉडीला टेकते, म्हणजे तिला 'अर्थ' (बॅटरीची निगेटिव्ह बाजू) मिळतो आणि छतातला दिवा लागतो. अलार्मला एवढंच ऐकायचं असतं. या वायरीला त्याची डोअर ट्रिगरची वायर जोडली की दार उघडल्याचं त्याला कळतं. मिस्त्री याला 'निगेटिव्ह ट्रिगर' म्हणतात, आणि जुन्या मारुतींमध्ये हाच प्रकार. मात्र एका दाराला जोडून खूश व्हायचं नाही. चारही दारं एकेक करून उघडायची आणि व्होल्ट मोजायचा मीटर प्रत्येक वेळी हलतो का पाहायचं. काही गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या दाराची वायर वेगळी असते. काहींमध्ये मागच्या दारांना स्विचच नसतो.

पोरगा कटर उचलतो. मागून आवाज येतो.

"थांब की. कामून घाई करायलास?"

"उस्ताद, नकाशात हीच वायर दाखवलीय."

"नकाशा करणाऱ्यानं ही गाडी पाह्यली का? मीटर लाव आधी."

वायरीच्या रंगावर विसंबायचं नाही, हा इथला पहिला नियम. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून आलेली असते. मधल्या कुणीतरी टेप बसवलेला, कुणी हॉर्न बदललेला, आणि हाताला लागली ती वायर वापरलेली. कंपनीचा रंग कागदावरच उरतो.

(दृश्य: स्टेअरिंगखालचं कव्हर काढलेलं. चावीच्या कुलपातून निघणाऱ्या जाड वायरी.)

आता जाड वायरी. चावी काढून ठेवली तरी जिच्यात 12 व्होल्ट असतात ती बॅटरीची. चावी एक घर फिरवली की जागी होते ती ॲक्सेसरीची; टेप आणि पंखा तिच्यावर चालतो. पुढच्या घरात इग्निशन. आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, फिरत असेल तेवढाच वेळ करंट येतो ती स्टार्टची. ॲक्सेसरी आणि इग्निशन शिकाऊ माणूस हमखास उलट धरतो, पण ओळखायला सोपी खूण आहे. मीटर लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. त्या क्षणी ॲक्सेसरीची वायर शून्यावर येते. इग्निशनची टिकते, बॅटरीवर ताण आल्यानं साडेबाराचे दहा-अकरा होतात, पण ती मरत नाही. रिमोट स्टार्टरला इग्निशन म्हणून ॲक्सेसरी जोडली, तर रिमोट दाबल्यावर सेल्फ फिरत राहील आणि इंजिन काही पकडणार नाही.

हे सगळं उघड्यावर, हाताच्या अंतरावर मिळतं अशा गाड्या कोणत्या? मारुती 800. ती 2014 साली बंद झाली, पण परभणी, हिंगोली, नांदेडच्या खेड्यांत अजून फिरताना दिसते. जुनी अल्टो, जुनी वॅगन आर. ओम्नीही उघडायला सोपी, फक्त तिचे दोन नखरे आहेत. सरकत्या दारात सेंट्रल लॉकची वायर न्यायला बिजागरीतून वाट नाही. आणि इंजिन पुढच्या सीटखाली असल्यानं बॉनेटचा स्विच लावायचा कुठे, हा प्रश्नच पडतो. ओम्नी घेतली तर नुसता सायरन आणि दाराचा ट्रिगर बसवावा, सेंट्रल लॉकच्या फंदात पडू नये.

सेंट्रल लॉक नसलेल्या अल्टोला 'गन' बसवतात. दाराच्या आतल्या दांडीला ओढणारी ही मोटर. साध्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या गनला पाच वायरी, बाकीच्यांना दोनच. पाचवाली बाकीच्यांना हुकूम देते. चार दारांचे पॅड काढायचे, दांडी कुठे अडत नाही ना ते पाहायचं आणि काच खाली-वर करून बघायचं. पॅड लावल्यावर काच गनवर आदळली तर सगळं परत उघडावं लागतं. वेळ खाणारं, पण शिकवणारं काम आहे. पोरगा डॅशबोर्ड उघडण्याआधी दारं उघडायला शिकला तर बरं.

(दृश्य: आठवडी बाजाराजवळ रांगेत उभ्या बोलेरो.)

मराठवाड्यात अलार्म शिकायचा म्हटलं की बोलेरो टाळता येत नाही. 2000 सालापासून ही गाडी रस्त्यावर आहे. सरपंचाच्या दारात तीच, ऊसतोडीच्या मुकादमाकडं तीच. जुन्या बोलेरोच्या डॅशबोर्डखाली ऐसपैस जागा, हात कोपरापर्यंत जातो. अलार्मसाठी छान. स्टार्टरसाठी मात्र डिझेलचा पेच आहे. थंडीत चावी फिरवल्यावर इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं. यंत्राला हे थांबणं शिकवलेलं नसेल तर ते थंड इंजिनावरच सेल्फ मारत सुटतं. शिवाय इंजिन चालू झालं की सेल्फ सोडायचा, हे यंत्राला कळावं लागतं. जुन्या पेट्रोल गाडीत ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या निगेटिव्हवरून आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, सिग्नल मिळतो. डिझेलला कॉइलच नाही, म्हणून तो दुसरीकडून शोधावा लागतो. हे पहिल्या गाडीचं काम नव्हे.

आणि या गाड्या नकोतच. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, 2001 साली तिथून ऑक्टाव्हिया निघू लागली. घरच्या अंगणातली गाडी, पण शिकाऊ हातानं तिच्या वाटेला जाऊ नये. अशा गाड्यांमध्ये आणि आताच्या बहुतेक नव्या गाड्यांमध्ये दार, लॉक, दिवे यांची खबर एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून डेटा म्हणून धावते. तिथं 12 व्होल्ट शोधत टेस्टचा बल्ब लावलात तर सिग्नल बिघडतो, नशीब फुटकं असेल तर मॉड्यूलही जातं. अशा गाडीला त्या मॉडेलसाठीच बनवलेलं, कपलरला कपलर जुळणारं किट मिळत असेल तर घ्यावं. मिळत नसेल तर गिऱ्हाईकाला हात जोडावेत.

(दृश्य: डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातली वायर. कॅमेरा तिच्यावर थांबतो.)

ही पिवळी एअरबॅगची. 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारला निदान ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टेअरिंगखाली ही भेटणारच. हिला मीटर नाही, बल्ब नाही, टेपसुद्धा नाही. टेस्टच्या बल्बमधून जाणारा करंट एअरबॅग उडवू शकतो, आणि तुमचं तोंड तेव्हा नेमकं तिच्यासमोर असतं.

आता चावीची चिप. चावी नुसती फिरून भागत नाही. तिच्यातली चिप कुलपाभोवतीच्या कड्यानं ओळखली तरच इंजिन चालू राहतं. मारुतीत याला आयकॅट्स म्हणतात. रिमोट स्टार्टरला चावी नसते, म्हणून चिपची ओळख पटवून देणारा बायपास लागतो. स्वस्तातला बायपास म्हणजे दुसरी चावी डॅशबोर्डच्या आत लपवून ठेवायची. चोरापासून वाचायला अलार्म बसवायचा आणि गाडीची चावी गाडीतच कायमची ठेवून द्यायची! हे करून द्या म्हणणारे गिऱ्हाईक येतात. उस्ताद त्यांना चहा पाजतो आणि काम नाकारतो.

(दृश्य: एक वॅगन आर शेडपाशी येऊन थांबते. मालक उतरतात.)

"उस्ताद, ऑटोमॅटिक आहे आपली. हिला तर बसंल ना?"

"गुरुजी, गिअरच्या खुणा वाचा बरं."

आर, एन, डी, एम. पी नाहीच. 2014 साली सेलेरिओबरोबर आलेला हा स्वस्त ऑटोमॅटिक प्रकार आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच तेवढा यंत्र दाबतं. पार्किंगचा गिअर नसल्यानं कितीतरी लोक ती गिअरमध्ये टाकूनच बंद करतात. चालू करताना न्यूट्रल आणि ब्रेक लागतो, आणि गाडीत माणूस नसेल तर ब्रेक कोण दाबणार?

साध्या मॅन्युअलची गोष्ट याहून वाईट. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवायची सवय आपल्याला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यानंच लावलेली असते. त्या गाडीला कुणी घरातून रिमोट दाबला तर सेल्फच्या धक्क्यानं ती पुढं जाते. समोर ओसरीवर कोण बसलंय, हे रिमोटला दिसत नाही. चांगल्या किटमध्ये यावर उपाय असतो. इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून खाली उतरायचं, दारं लावायची, मग गाडी बंद होते आणि तेव्हाच स्टार्टर तयार होतो. नंतर एक दार उघडलं तरी तयारी रद्द. पण दाराचा ट्रिगर एका दाराला जोडायचा राहिला तर ही सगळी खबरदारी पाण्यात. मागच्या दारातून आत शिरलेलं पोर गिअर हलवील आणि यंत्राला पत्ता लागणार नाही.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 126: सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर ड्रायव्हरच्या सीटवर लायसनवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज केलेली हवी. बाजारात, बँकेसमोर, कार्यालयाच्या रस्त्यावर कुणी नसताना इंजिन चालू ठेवणारा माणूस या कलमाशीच वाद घालतो. घरच्या अंगणात हे कलम आडवं येत नाही, पण बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो.

म्हणून आमचं मत सरळ आहे. शिकणाऱ्यानं अलार्म आधी शिकावा, स्टार्टरचं खोकं फळीवरच राहू द्यावं. मराठवाड्यात येणाऱ्या बहुतेक गाड्या मॅन्युअल आहेत. पी गिअरची, साध्या चावीची, चिप नसलेली पेट्रोल गाडी कधी आलीच, तर तिच्यावर स्टार्टर शिकता येईल. तशी गाडी इथं शोधावी लागते.

(दृश्य: सोल्डरिंगचा धूर. जॉइंटवर नळी चढवून गरम करणारे हात.)

जॉइंटबद्दल एवढंच, की पीळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट इथल्या उन्हाळ्यात टिकत नाही. टेपचा गोंद पाघळतो, टेप सुटते, उघडी तार बॉडीला टेकते. झाळून, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवावी. बॅटरीच्या वायरीला फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या जवळ. अर्थ घेताना रंग खरवडून धातू उघडा करावा. रंगावर कसलेल्या स्क्रूमुळे अलार्म मध्यरात्री उगाच बोंबलतो आणि शेजारी सकाळी दुकान शोधत येतो.

बॅटरीचा हिशेबही गिऱ्हाईकाला आधीच सांगावा. अलार्म सतत 20 मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला अर्धा अँपिअर-तास होतो, महिन्याला जवळपास 15. छोट्या गाडीची बॅटरी 35 ची. पुण्याला नोकरी, गाडी गावी, महिन्यातून एकदा फेरी असा मालक असेल तर परत आल्यावर गाडी ढकलायची वेळ येऊ शकते, आणि दोष मिस्त्रीवर येतो. अशा मालकाला बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवायला शिकवावं.

(दृश्य: अल्टो तयार. पोरगा रिमोट दाबतो. इंडिकेटर लुकलुकतात.)

गाडी देण्यापूर्वी काच खाली करून रिमोटनं लॉक करायची, आणि हात आत घालून दार उघडायचं. सायरन वाजला पाहिजे. हेच चारही दारांना, मग डिकीला, मग बॉनेटला. शेवटी अलार्म तात्पुरता बंद करायचं गुप्त बटण मालकाला स्वतः दाबायला लावायचं. ते कुठं आहे हे ठाऊक नसलेला माणूस रात्री दोन वाजता बोंबलणाऱ्या गाडीपाशी उभा राहून दुकानाला फोन करतो.

गुरुजी वॅगन आर घेऊन गेलेत. त्यांना उस्तादानं काचेवर लावायचा चंदेरी पडदा दिला आणि गाडी कडुलिंबाखाली लावायला सांगितलं. अल्टोच्या मागे आता एक बोलेरो येऊन लागलीय. तिला फक्त अलार्म हवाय.