पोकळ धमकी

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी आम्ही इंदूरच्या रामबागेत राहायचो. संक्रांत जवळ आली की आई दादाला बजावायची, "पतंग घेऊन गच्चीवर गेलास तर रात्री जेवायला मिळणार नाही." दादा जायचाच. आणि रात्री तव्यावरची पहिली पोळी, वर तुपाची धार, त्याच्याच ताटात पडायची.

असल्या पोकळ धमकीचं काय करायचं, हा गेम थिअरीतला, म्हणजे समोरचा काय करील ते जोखून आपली चाल ठरवण्याच्या शास्त्रातला, मोठा प्रश्न.

समजा, इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका गल्लीत मसाल्याचं एकच दुकान आहे. शेठजींना महिन्याला ६० हजार सुटतात. दुसरा कोणी दुकान थाटायला निघाला, तर ते म्हणतात, "ये तर खरा, जिरं खरेदीच्या भावाखाली विकीन." तसं झालं तर दोघांनाही १० हजारांचा तोटा. गुण्यागोविंदानं राहिले तर दोघांना २५-२५ हजार. नवा माणूस घाबरून येतच नाही.

गणितज्ञ जॉन नॅश यांनी १९५० मध्ये मांडलेल्या समतोलाच्या व्याख्येत हे बसतं. एकट्यानं चाल बदलून इथं कोणाचाच फायदा नाही. धमकी खरी मानली तर न येणंच बरं, आणि कोणी येतच नाही म्हटल्यावर धमकीला पैसा पडत नाही. व्याख्या चोख, तरी मन मानत नाही.

जर्मन अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ट झेल्टन यांनी १९६५ मध्ये खेळ शेवटाकडून वाचायला सांगितलं. नव्यानं दुकान उघडलंच, तर शेठजी २५ हजार सोडून तोटा कशाला पत्करतील? धमकी गळून पडली. पुढे १९७५ मध्ये त्यांनी थरथरत्या हाताची कल्पना आणली. शहाण्या माणसाचाही हात कधीतरी चुकतो, आणि त्या चुकीनंतरही जी चाल टिकते तीच खरी. मला ही कल्पना फार जवळची वाटते. तिच्यात माणूस दिसतो.

पण १९७८ मध्ये झेल्टन स्वतःच अडले. एकाच व्यापाऱ्याची २० गावांत दुकानं, प्रत्येक गावात पाळीपाळीनं नवा स्पर्धक. विसाव्या गावात धाक घालायला पुढे कोणी उरत नाही, म्हणून लढणं व्यर्थ. मग एकोणिसाव्यातही व्यर्थ, असं करत पहिल्यापर्यंत. हिशेब बिनचूक होता, पण आपण स्वतः मात्र सुरुवातीला लढू, असं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं.

१९८२ मध्ये क्रेप्स आणि विल्सन, तसेच मिलग्रॉम आणि रॉबर्ट्स या अर्थशास्त्रज्ञांनी वाट दाखवली. हा माणूस खरंच हट्टी असेल, एवढी शंकेची चिमूट समोरच्याच्या मनात असली, की सुरुवातीला लढणं हिशेबातही बसतं. ती शंका जपण्यासाठीच तोटा सोसायचा.

एका संक्रांतीला आईनं दादाला खरंच उपाशी निजवलं. मी आणि धाकटी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. ओट्यावर पोळ्या झाकलेल्या होत्या, आणि आईनंही त्यांना हात लावला नव्हता. त्यानंतर आम्ही दोघं कधी गच्चीच्या जिन्याकडे फिरकलो नाही.