नदी ओलांडून देणारं यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात कोलशेतच्या आभाळातून धपधप असा जाड आवाज आला की माझे कान टवकारतात. हवाई दलात मी वीस वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे यंत्राच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो, आणि त्यातली बरीचशी एमआय-८ आणि एमआय-१७ या हेलिकॉप्टरांपाशी गेली. निवृत्तीनंतर ठाण्यात घर केलं, पण आवाजावरून यंत्र ओळखायची सवय काही सुटली नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच लोकांना या यंत्राची ओळख पटली ती ४ ऑगस्ट २०१९ रोजी. खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पुरानं वेढा घातला होता. पाण्याला ओढ इतकी, की बोटींचं काही चालेना. तेव्हा हवाई दलाच्या एमआय-१७ नं ५८ माणसांना तिथून उचलून आणलं. आठवडाभर आधीच बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती; तिथं बोटी पोचल्या आणि त्यांनी काम केलं. बोट जाते तिथं बोटच बरी. हेलिकॉप्टर बोलवायचं ते त्याच्या पुढच्या वेळेला.

सैनिक आणि सामान वाहण्यासाठी घडवलेलं हे यंत्र. पण आपल्या हवाई दलातल्या त्याच्या थोरल्या भावाची, एमआय-४ ची, सगळ्यात मोठी कामगिरीसुद्धा नदीचीच आहे. डिसेंबर १९७१. ढाक्याच्या वाटेवर मेघना आडवी आली, आणि पाकिस्तानी सैन्यानं माघार घेताना आशूगंजचा पूल उडवला. नदीचं पात्र अफाट. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी पुलाची वाट बघितली नाही. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या वैमानिकांनी मोजक्या एमआय-४ मधून, खेपेमागून खेप करत, नेहमीपेक्षा जास्त जवान बसवून सैन्य पलीकडे उतरवलं. रात्रीसुद्धा, हातातल्या विजेऱ्यांच्या उजेडात. एका इंजिनाची ती जुनी यंत्रं! त्यांच्यामागे रात्रभर जागलेल्या फिटरांची नावं कुठं छापून आली नाहीत, पण मला आधी तेच आठवतात.

हेलिकॉप्टरांचे रचनाकार मिखाईल मिल यांच्या रशियन कचेरीत पुढं एमआय-८ घडलं. पहिलं उड्डाण १९६१ चं. पुढच्याच वर्षी त्याला दोन इंजिनं मिळाली. त्याच सांगाड्यावर जास्त ताकदीची इंजिनं बसली आणि एमआय-१७ झालं. दोन्हीतला फरक लांबूनही कळतो. शेपटीवरचा छोटा पंखा एमआय-८ ला उजवीकडे, एमआय-१७ ला डावीकडे. एक इंजिन बंद पडलं तर दुसरं आपोआप जोर वाढवून भार घेतं. आता आपल्याकडे उडतात ती बहुतेक एमआय-१७ ची नवी आवृत्ती, व्ही-५, २०१२ पासून दलात आलेली. वजन १३ टनांपर्यंत, त्यातलं ४ टन सामान.

मला मात्र आठवतं ते पात्यांच्या मुळाशी असलेलं एक लहानसं दर्शक. वरची पाच पाती धातूची, आणि त्यांच्या आतल्या पोकळ कण्यात दाबाखाली हवा भरलेली असते. कण्याला केसाएवढी चीर गेली तरी हवा सुटते आणि दर्शकात लाल रंग दिसतो. पहाटे टॉर्च घेऊन वर चढायचं आणि पाचही ठिकाणी बघायचं. लाल दिसलं तर उड्डाण नाही, मग कितीही घाई असो. १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत तोलोलिंगवर क्षेपणास्त्र लागून एमआय-१७ पडलं, चौघे गेले. २०१३ मध्ये उत्तराखंडच्या पुरात लोकांना सोडवताना गौरीकुंडजवळ एक पडलं, २० जण गेले. वाचवायला गेलेली माणसं होती ती. अशा बातमीनंतर पुढच्या पहाटे तो टॉर्च हातात जड लागतो.

आता खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या श्रोत्यांसाठी थोडं कामाचं सांगतो. या यंत्राच्या पंख्याचा व्यास २१ मीटर आहे. ते डोक्यावर थांबलं की खाली वादळ सुटतं. सुटे पत्रे, ताडपत्री, छत्र्या, वाळत घातलेले कपडे आधी बांधा किंवा काढा. उडालेला कपडा पंख्यात गेला तर सगळ्यांच्या जिवावर बेततं. लेकरांना पोटाशी धरून खाली बसा. यंत्र जमिनीवर उतरलं तरी आपणहून धावत जाऊ नका. आतला जवान खूण करेल तेव्हाच निघा. शेपटीकडे तर अजिबात जायचं नाही, फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही.

वरून दोर आला तर त्याचा आकडा आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या. उडत्या यंत्रात वीज साठते, टेकायच्या आधी हात लावला तर झटका बसतो. आकडा झाडाला, कठड्याला अडकवायचा नाही. दोराला लावलेला पट्टा काखेतून घेतला की दोन्ही हात खाली, कोपरं अंगाला घट्ट. हात वर केले की माणूस पट्ट्यातून निसटतो.

एकदा अशाच पुरातून एक आजी वर येत होत्या. दाराशी पोचल्या आणि घाबरून त्यांनी दाराची कड दोन्ही हातांनी धरली, काही केल्या सोडेनात. विंचवरच्या, म्हणजे दोर वर ओढणाऱ्या यंत्रावरच्या, आमच्या सहकाऱ्यानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "आजी, सोडा, मी धरलंय!" मग त्यांची पाठ दाराकडे वळवली आणि त्यांना आत ओढून घेतलं. तुमच्यावर वेळ आली तर तेवढं ध्यानात असू द्या. कड धरायची नाही. वळवून आत घेणं हे त्याचं काम आहे.